पडद्यापलीकडचे मामंजी

"पिशवीत फायब्रॉईड आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. फायब्रॉईड म्हणजे गाठ. कॅन्सर नव्हता, पण अंगावरून फार जात होतं. पिशवी काढायची ठरली. माझ्या मनात एकच आलं, लेकीला आता कितीतरी दिवस जवळ घ्यायला मिळणार नाही.

भोरला ऑपरेशन झालं, ते चांगलं झालं. पण टाके सुकेनात. "इन्फेक्शन झालं, म्हणजे जखमेत पू झाला, तर पुन्हा टाके घालावे लागतील," डॉक्टरबाई म्हणाल्या. घरी जाणं लांबलं. लेकीचं, चिमीचं, झबलं उशाखाली होतं, त्याचा वास घेत पडून राहायचे.

आमचे हे टेम्पो घेऊन बाहेरगावी, सासूबाई लेकीपाशी. म्हणून भोंगवलीहून एसटीनं डबा घेऊन मामंजी यायचे. सासऱ्यांपुढं सून लोळत नाही. ते दारात दिसले की मी उठून बसायचे, डोक्यावर पदर घ्यायचे. परतीची गाडी येईपर्यंत तशीच. दोघंही गप्प.

झाडणाऱ्या मावशींनी ते पाहिलं, सिस्टरांना सांगितलं. सिस्टर दुसऱ्या दिवशी मुद्दाम बघायला थांबल्या, मग डॉक्टरबाईंशी बोलल्या. मला कुणी रागावलं नाही. मामंजींनाही येऊ नका म्हटलं नाही. मावशींनी खाटेभोवती पडदा ओढला, सिस्टरांनी पलीकडं स्टूल ठेवलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "बाबा, इथं बसा. तिला झोपूनच राहू द्या, बसलं की टाक्यांवर ताण येतो."

स्टूल कुरकुरलं. मग पडद्यापलीकडून आलं, "पोरी, उठू नगं. म्या हाय हितं."

"व्हय, मामंजी."

"म्हस लई माजलीया. तुज्या सासूला धारंला बसू देत न्हाई. काल बादलीसकट पाडली."

मी हसले. टाके दुखले, तरी हसले.

"चिमी रडती का?"

"दिवसा न्हाई. निजताना तुजा पदर मागती. तुजं जुनं लुगडं देतो तिला."

मग रोज बोलायचे. भाताचं, चिमीचं, त्यांच्या आईचं. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण त्यांचा आवाज असा मऊ आहे हे मला माहीत नव्हतं. टाके सुकले. मी घरी आले.

ऑपरेशन होणाऱ्या बायांनो, कुणापुढं उठून बसावं लागत असेल तर सिस्टरांना सांगा. त्यांना कळतं. त्या तिघींचे उपकार मी विसरणार नाही.

चिमी आता कुशीत असते. मामंजी ओसरीवर, मी आत. चहा ठेवते, ते कप उचलतात. बोलणं नाही. तो आवाज आठवत राहतो.

आज मधल्या दाराला जुनी साडी बांधली. माश्या येतात, असं सासूबाईंना सांगितलं. मामंजी रानातून यायचे आहेत.