वरच्या घराचा हप्ता

काशीत बालाजी घाटाच्या पायऱ्या चढून गलीच्या तोंडाशी आलं, की डाव्या हाताला दगडी चौकटीचं एक घर लागायचं. ते ढुंढिराजशास्त्र्यांचं. त्याच्या पायाशी, पायऱ्यांच्या मधल्या टप्प्यावर, गंगेच्या ओठाला लागून दुसरं घर. ते यज्ञेश्वरशास्त्र्यांचं. वरच्या घरातून खालच्या घराचं छप्पर दिसायचं आणि खालच्या घराच्या सज्जातून सबंध गंगा दिसायची. एवढ्या एका फरकावर ढुंढिराजांचं अर्धं आयुष्य जळून गेलं होतं.

तशी ही आग जुनी होती. दोघे एकाच गुरूपाशी शिकले, आणि गुरू म्हणजे ढुंढिराजांचे वडीलच. दोघांनी एकाच दिव्याशी बसून वेद पाठ केला. ढुंढिराजांचा पाठ शुद्ध, कोरडा, कुठेही न अडखळणारा. यज्ञेश्वर कधीमधी अडखळायचा, पण त्याचा आवाज लागला की घाटावर कपडे पिळणाऱ्या बायकांचे हात थांबायचे. वसंतपूजेत, म्हणजे वेदपठणाच्या सभेत, ब्राह्मणांना दक्षिणा वाटायची वेळ आली, की यज्ञेश्वराच्या तळहातावर दोन रुपये पडायचे आणि ढुंढिराजांच्या तळहातावर दीड. तो न मिळालेला अर्धा रुपया ढुंढिराज घरी घेऊन यायचे, उशाशी घेऊन झोपायचे. आणि वडील जायच्या आधी त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली संहितेची पोथी लाल फडक्यात बांधून दिली ती कुणाला, तर यज्ञेश्वराला. मुलगा शेजारीच बसला होता. त्याच्याकडे पाहून वडील नुसते हसले.

मात्र वर्षातले काही दिवस ढुंढिराजांचे होते. श्रावण-भाद्रपदात गंगा चढायची. पुराला इथे बाढ म्हणतात. घाटावरच्या लहानशा देवळीतल्या शंकराला पाणी लागलं, की खालच्या घरातलं सामान वरच्या घरी यायचं. कुणी कुणाला विचारायचं नाही, कुणी कुणाला बोलवायचं नाही. गव्हाची पोती, गाद्या, लोणच्याच्या बरण्या आणि शेवटी ती लाल फडक्यातली पोथी. मग ढुंढिराज कमरेवर हात ठेवून उभे राहायचे आणि राजासारखे हुकूम सोडायचे. "गाद्या माळ्यावर. समया न्हाणीघराबाहेर. पोथी तिकडे, उखळाशेजारी."

"उखळाशेजारी?" त्यांची बायको कालिंदी विचारायची.

"पाहुणीला जागा घरवाला दाखवतो," ते म्हणायचे. पाणी उतरेपर्यंत त्यांना गाढ झोप लागायची.

पहिलं महायुद्ध सरून काही वर्षं झाली होती, तेव्हा काशीत शिवराम नावाचा एक तरुण मराठी एजंट आला. कलकत्त्याच्या कुठल्याशा कंपनीचा. घराचा विमा उतरवायचा, घरातल्या सामानाचाही उतरवायचा. आगीचा विमा घेणाऱ्या कंपन्या होत्या. ही पाण्याचाही घेत होती. यज्ञेश्वराने उतरवला. सकाळी स्नानाच्या वेळी घाटावर बातमी फुटली, की खालच्या घराचा वर्षाचा हप्ता अठ्ठावीस रुपये.

ढुंढिराजांनी अर्घ्याचं पाणी ओंजळीतच धरून ठेवलं. अठ्ठावीस! त्यांना वाटलं, पुन्हा एकदा सभा भरली, पुन्हा तळहात पुढे झाले, आणि पुन्हा त्याच्याच हातावर जास्त पडलं.

दुसऱ्या दिवशी शिवराम त्यांच्या ओटीवर होता. त्याने भिंतींवर बोटांनी ठोकून पाहिलं, छत पाहिलं, दारातून खाली उतरणाऱ्या पायऱ्यांकडे पाहिलं, सामानाची यादी केली आणि हसतमुखाने म्हणाला, "शास्त्रीबुवा, घर आणि सामान मिळून नऊ रुपये."

"नऊ?"

"नऊच. फार नाही."

"खाली अठ्ठावीस, आणि इथे नऊ?" ढुंढिराजांचा आवाज चढला. "हे घर काय गवताचं आहे? ही चौकट बघ. अखंड चुनारचा दगड! त्याच्या सज्जाचं लाकूड तर हाताने कुस्करलं जातं."

"म्हणून तर नऊ, शास्त्रीबुवा."

"म्हणजे?"

शिवरामने बूड टेकलं. असं समजावून सांगायची त्याला सवय असावी. "घर किती मोठं, किती देखणं, यावर हप्ता ठरत नाही. बुडायची, जळायची भीती किती, यावर ठरतो. खालचं घर पाण्याला लागून, वरचा मजला लाकडाचा, स्वयंपाकघराशेजारी गोवऱ्यांची रास. तुमचं घर उंचावर, भिंती दगडी. गंगा इथवर येईल तेव्हा निम्मी काशी बुडालेली असेल."

"आणि सामान? त्याचं सामान सोन्याचं आहे का?"

"सामानाचंही तेच. तांब्या-पितळेला पाणी काय करणार? त्याला दर कमी. धान्य, गाद्या, पोथ्या भिजल्या की गेल्या. त्यांना दर चढा."

आतून कालिंदीचं हसू ऐकू आलं. "अहो, कमी द्यायचे म्हटल्यावर रागावणारं गिऱ्हाईक त्याने पहिल्यांदाच पाहिलं असेल."

ढुंढिराजांना सगळं समजलं. ते काही अडाणी नव्हते. पण डोक्याला समजलेलं छातीत उतरेना. नऊ म्हणजे नऊ. यज्ञेश्वरासाठी कलकत्त्याचे साहेबसुद्धा जास्त घाबरतात, आणि आपल्यासाठी घाबरायला कुणाला सवड नाही.

"एक विनंती होती," शिवराम म्हणाला. "बाढ आली की त्यांचं सामान तुमच्याकडे येतं म्हणे. तसं तुम्ही सही करून लिहून दिलंत, तर त्यांच्या सामानाचा हप्ता निम्म्यावर येईल."

ढुंढिराजांनी उपरणं झटकलं. सामान आजवर न मागता येत होतं. आता त्यावर कंपनीचा शिक्का बसणार, आणि आपण कोण, तर कंपनीचे कोठीवाले! "नाही. त्याला हवी असेल सही, तर त्याने स्वतः यावं आणि मागावी."

"ते मागणार नाहीत. अभिमानी माणूस दिसला. एक पोथी होती लाल फडक्यात, तिची किंमत विचारली तर म्हणाले, ही लिहायची नाही. मी म्हटलं, महाराज, यादीत नाही ते कंपनी भरून देत नाही. तरी नाहीच म्हणाले."

ढुंढिराजांनी नऊ रुपये मोजून दिले, तेही तोंड फिरवून.

शिवरामने खाली जाऊन नकार सांगितला असणार, कारण त्या दिवसापासून यज्ञेश्वर घाटावर भेटला तरी नुसता मान हलवायचा. हप्ता त्याने पूर्ण भरला.

भाद्रपदात गंगा चढली. आधी गढूळ झाली, मग रुंद झाली, मग तिचा आवाजच बदलला. लांबून पुष्कळ माणसं एकदम चालत येताहेत, असा. देवळीतल्या शंकराला पाणी लागलं. ढुंढिराज दारात उभे राहिले. उखळाशेजारची जागा त्यांनी सकाळीच झाडून घेतली होती. गव्हाची पोती आली नाहीत. बरण्या आल्या नाहीत. दुपारपर्यंत देवळी पाण्याखाली गेली, तरी पायऱ्यांवर कुणी दिसेना.

"कंपनी भरून देणार ना त्याचं," ढुंढिराज स्वतःशीच पुटपुटले. "आता आपलं घर कशाला लागतंय!" इतकी वर्षं ते यज्ञेश्वराच्या गळ्यावर जळले, दक्षिणेवर जळले, सज्जावर जळले. आता ते कलकत्त्याच्या एका न पाहिलेल्या कंपनीवर जळू लागले.

"त्याची बायको लेकीच्या बाळंतपणाला ग्वाल्हेरला गेली आहे," कालिंदी म्हणाली. "एकटा आहे तो. तुम्हाला जळायचं तर जळा, पण त्याला भिजवत का ठेवता?"

तेवढ्यात घाटावरचा नावाडी काशीनाथ मल्लाह पायऱ्यांवरून धापा टाकत वर आला. "पंडितजी, नीचेवाले महाराज निकलत नाहीं! दरवज्जे में पानी आ गइल!"

ढुंढिराजांच्या डोळ्यांसमोर तो सगळा हिशेब उभा राहिला. गहू बुडाले, कंपनी देईल. गाद्या बुडाल्या, कंपनी देईल. लाल फडकं बुडालं तर? ते यादीत नाही. त्यांनी धोतर गुडघ्यावर खोचलं आणि ते पायऱ्या उतरू लागले.

खालच्या घरात पाणी मांड्यांपर्यंत होतं. पोती ओली होऊन फुगली होती, एक पाट तरंगत देवघराकडे चालला होता. माळ्याच्या जिन्यावर, वरच्या पायरीला, यज्ञेश्वर बसला होता. मांडीवर पोथी.

"यज्ञ्या! वर का आला नाहीस?"

"कशाला येऊ? कंपनी भरून देणार आहे."

"कंपनी गहू देईल. ही कोण देणार? हिचं नाव का नाही लिहिलंस?"

"कसं लिहू? विमा आपल्या मालावर उतरवायचा असतो, असं तो पोरगा म्हणाला. ही माझी कुठे आहे?"

"बाबांनी तुला दिली. माझ्यासमोर."

"पाठ म्हणायला दिली रे! तुमचं घर सोडायला कुठे सांगितलं तिला? दर बाढीत मी ती तुझ्याकडे आणून पोचवतो. आणि तू, गाढवा, दर वेळी उखळाशेजारी ठेवतोस."

ढुंढिराज मांडीभर पाण्यात उभे राहिले.

"ढुंढ्या," यज्ञेश्वर खालच्या आवाजात म्हणाला, "भाद्रपदात तुला झोप लागते?"

"लागते की. उलट चांगली लागते."

"मला या घरात एकाही भाद्रपदात लागली नाही. त्या झोपेचे आहेत ते अठ्ठावीस रुपये. तुला हवे असले तर घे."

ढुंढिराजांनी जिन्याकडे दोन्ही हात पसरले. "आण ती इकडे. पाय घसरला तर तुझा सोनेरी गळाही बुडेल, आणि तोही यादीत नाही."

यज्ञेश्वर हसला. असा मोठ्याने, की दाराशी उभा असलेला काशीनाथही हसला. पोथी ढुंढिराजांनी डोक्यावर घेतली, यज्ञेश्वराने समई घेतली, काशीनाथने जेवढ्या उचलता आल्या तेवढ्या बरण्या. वर आल्यावर कालिंदीने विचारलं, "कुठे ठेवायची?" ढुंढिराज क्षणभर घुटमळले. मग देवघरात गेले आणि स्वतःच्या वडिलांच्या पादुकांशेजारी त्यांनी ती ठेवली. यज्ञेश्वर ते पाहत होता.

पुढच्या वर्षी शिवराम आला, तेव्हा ढुंढिराज त्याच्या आधी ओटीवर येऊन बसले होते. गेल्या वर्षी नाकारलेली सही त्यांनी वळणदार मोडीत ठोकली. मग घसा साफ करून, दुसरीकडेच पाहत विचारलं, "आता खालचा हप्ता किती झाला?"

"वीस."

"आणि आमचा?"

"तुमचे पूर्वी नऊ होते. पण आता त्यांचं सामान पावसाळ्यात तुमच्या छपराखाली येणार, म्हणजे इथली जोखीम वाढली. तुमचे अकरा." शिवराम ओशाळला. "तुम्ही त्यांच्यावर उपकार करायचा आणि वर दोन रुपये जास्त, हे बरं दिसत नाही. मी कलकत्त्याला लिहून..."

"खबरदार लिहिलंस तर!" ढुंढिराज ताठ बसले. त्यांचा चेहरा उजळला होता. "तो उतरला आणि आम्ही चढलो. असं झालं ना?"

आत कालिंदीने कपाळावर हात मारून घेतल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्नानाला उतरताना ढुंढिराज मधल्या टप्प्यावर थांबले. सज्जात यज्ञेश्वर पाठ म्हणत होता. त्यांनी तो पुरा होऊ दिला. एका जागी तो अडखळला, तिथला शब्द त्यांनी खालून पुरवला. मग मान वर करून, सगळ्या घाटाला ऐकू जाईल असं, ते म्हणाले, "यज्ञ्या, ऐकलंस का? आमचा हप्ता वाढला."