दारात आलेली वसुलीची हलगी

अव्या, ते बिस्किट ठेव खाली, आधी ऐक! काल मी जो घोळ घातलाय ना, तसा अख्ख्या नगरात कुणी घातला नसेल!

मागच्या महिन्यात पप्पांनी घरपट्टीचे पैसे माझ्याकडं दिले. आयुष्यात पहिल्यांदा, बरं का! म्हणाले, "सगळी बाकी भर." बिलावर दोन आकडे. एक चालू वर्षाचा, एक मागचा, दंडासकट. म्हटलं, मागचं कोण बघतंय? चालूचे तेवढे भरले आणि उरलेल्याचा हा मोबाईल घेतला. कॅमेरा बघ ना, लय भारी!

काल ताईला बघायला श्रीगोंद्याचे पाहुणे येणार होते. पप्पा त्यांना आणायला स्टँडवर गेलेले. तेवढ्यात गल्लीत महापालिकेचं वसुली पथक आलं, सोबत हलगीवाले! थकबाकीदाराच्या दारात वाजवायचं, म्हणजे माणूस लाजून पैसे भरतो.

मला वाटलं, समोरच्या गायकवाड सरांची बाकी असणार. झालं! मी हलगीपुढं नाचायलाच लागलो. "सर, आता तरी भरा की!" वरून व्हिडिओ पण काढतोय!

पथकाचे साहेब म्हणाले, "नाचून झालं का? हे तर कधीच भरून मोकळे झालेत. आम्ही तुमच्याकडं आलोय."

"आमच्याकडं? पावती आहे माझ्याकडं!" पळत जाऊन आणली.

"वाचली का कधी? अहो, पैसे आले की आधी जुनं फिटतं. तुमचे सगळे मागच्या बाकीत जमा झाले. चालू वर्षाचं तसंच हाय!"

मी पावती उलटीपालटी करून बघतोय, तेवढ्यात कोपऱ्यावर रिक्षा. पप्पा, पाहुणे, सगळे! आता ताईचं लग्न मोडतंय माझ्यामुळं!

तर ताईचे होणारे सासरे उतरले, हलगी ऐकली आणि फेटा सावरत म्हणाले, "आरं तिच्या! आमच्यासाठी हलगी? लई मान दिला राव!" शंभराची नोट ओवाळून टाकली!

मी साहेबांच्या कानात, "साहेब, पाया पडतो, ते आत जाईस्तोवर वाजवा."

"वाजवतो की. आधी भरा."

खिशात चाळीस रुपये! समोर गायकवाड सर आपल्या दारात उभे होते, मी त्यांच्याकडं बघितलं. सरांनी शांतपणे फोन काढला. "नाच थांबव. किती भरायचेत?"

भरले रे सरांनी! हलगी काय घुमली म्हणतोस! ताईचं जमलं. पप्पांनी सगळ्यांसमोर मला मिठी मारली, "बहिणीसाठी हलगी आणली पोरानं!"

आणि निघताना सासरे म्हणतात, "लग्नाला बी हीच हलगीवाली पार्टी पायजे, बरं का!"

आता बोल! पप्पांना खरं सांगू, का लग्नापर्यंत परत घरपट्टी थकवू? तू असतास तर काय केलं असतंस?