मुलीकडचं उत्तर

आमच्या त्या बैठकांचा एकच कडक नियम होता: गाणं सुरू झालं की पंखे बंद. माइक नाही, स्पीकर नाही. मैलापुरातल्या एका नृत्यशाळेची माडी, खाली चटया, मोजकी माणसं, आणि गाणारे सगळे आसपासचेच. आवडी या उपनगरातल्या कारखान्यात नोकरी करणारे एक गृहस्थ मातीचं घटम वाजवायचे, एक शाळामास्तर कोळ्यांची गाणी म्हणायचे. पंखे फिरत असले की आवाज मागच्या चटईपर्यंत पोचत नाही, म्हणून बंद. चेन्नईच्या त्या उकाड्यात लोक दारातच ताडपानाचा एकेक विंझणा उचलून आत येत. एखादं गाणं फारच लांबलं तर मागचं कुणीतरी गुपचूप उठून पंख्याचं बटण दाबे. कुणी काही बोलत नसे, पण गाणाऱ्याला काय ते कळे.

माझ्या गाण्याला पंखा लागलेला आहे. अक्काच्या गाण्याला कधीच लागला नाही.

अक्का म्हणजे माझी नणंद. मी मिरजेची, लहानपणापासून तंबोऱ्यापुढे बसून गाणं शिकलेली. चेन्नईत शोळिंगनल्लूरच्या एका कंपनीत नोकरीला आले, शेजारच्या टेबलावरच्या मराठी आडनावाच्या माणसाशी लग्न केलं आणि तंजावरकडच्या मराठी घरात येऊन पडले. अक्कानं उभा जन्म बँकेत काढला. सूर कशाशी खातात हे तिला कुणी शिकवलं नाही. आवाज जाडसर, मराठी निम्मी तमिळ हेलाची आणि निम्मी आजोबा-पणजोबांच्या काळातली. पण ती मांडी घालून बसली की माणसं विंझणे हलवायचीसुद्धा विसरत. माझ्या अंगाचा तिळपापड होई. इतकी वर्षं मी घासलेला गळा एका बाजूला आणि हिचं ते भाजी निवडता निवडता गुणगुणणं एका बाजूला, आणि लोक तिकडे!

तेही एक वेळ मी गिळलं असतं. माझं खरं दुखणं माझी मुलगी होती. तिनं माझ्याबरोबर गावं, एवढीच माझी इच्छा. ती सातवीत, बोलायची तमिळ नाहीतर इंग्रजी. मी मराठीत विचारावं आणि तिनं मान हलवून उत्तर द्यावं, असं आमचं चालायचं. आईनं मला दिलेल्या जात्यावरच्या ओव्या तिच्या गळ्यात उतराव्यात म्हणून मी लाडीगोडी केली, लालूच दाखवली, रागावलेही. "वेंडाम मा," एवढंच. नको. आणि शनिवारी मात्र ही पोर आपणहून अक्काच्या घरी जायची. तिथं काय करतेस विचारलं तर म्हणे, चुम्मा. म्हणजे काही नाही, उगीच.

त्या संध्याकाळी बैठकीत लग्नातली गाणी म्हणायची होती. मी हळदीच्या ओव्या निवडल्या. प्रत्येक ओवीची दुसरी ओळ मुलीनं मागून म्हणायची, असा घाट आठवडाभर घालत होते. माडीच्या जिन्यात तिनं माझा हात सोडवला आणि मागच्या चटईवर जाऊन बसली. मी एकटीच गायले. सुरात गायले, अगदी घोटून गायले. चौथ्या ओवीला डोक्यावर पंखा गरगरू लागला.

मग अक्का बसली. तिनं ऊंजलचं गाणं धरलं.

ऊंजल म्हणजे झोपाळा. यांच्याकडे लग्नात नवरानवरीला झोपाळ्यावर बसवतात आणि बायका गातात. मुलाकडची बाई नवरीची थट्टा करणारं कडवं म्हणते आणि थांबते. मुलीकडच्यांनी गाऊनच उत्तर द्यायचं, तोवर ती पुढे जात नाही. माझ्या लग्नात अक्का अशीच थांबली होती. आमच्या मिरजेकडच्या मंडळींना यातलं काय माहीत? आईला वाटलं गाणं संपलं. ती हौसेनं उठली आणि पेढ्यांचं ताट घेऊन अक्कापुढे गेली. सगळा मांडव हसला. आईही हसली, आपण कशाला हसतोय हे न कळता. मी झोपाळ्यावर मान खाली घालून बसले होते. ते हसू मी अक्काला कधी माफ केलं नाही.

आणि आता भर बैठकीत तेच कडवं:

राजस आमुचा बंधू, सोन्याची मोहर गे,
कोठुनी आणिली सून, मातीची घागर गे.

अक्का थांबली. लोकांना वाटलं संपलं, त्यांनी टाळ्या वाजवल्या. अक्कानं हात वर करून त्यांना थांबवलं आणि पुन्हा गप्प बसून राहिली. कुणाला काही उमगेना. कुणीतरी खाकरलं. माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. बरं झालं, म्हटलं. बस आता अशीच. आता लावा म्हणावं पंखा.

तेवढ्यात मागच्या चटईवरून आवाज आला. बारीक, जरासा कापरा, पण नेमका सुरात:

माती तर माती बाई, घागर ही भरली गे,
तहान लागता मोहर कोणी चाटली गे?

मी वळून पाहिलं. माझी मुलगी गुडघ्यांवर उठून बसली होती. चेहरा लाल झालेला, नजर थेट अक्काकडे. माझ्याकडे तिनं पाहिलंच नाही. ओवीतला एक शब्द माझ्यासाठी न उच्चारणारी ही पोर तंजावरी हेलात ‘गे’ म्हणत होती. लोक हसले, आणि या वेळी ते अक्कालाच हसले. अक्काही हसली आणि तिनं पुढचं कडवं धरलं. ती टोचायची, माझी लेक उलटून टोला द्यायची. पंख्याकडे कुणी गेलं नाही.

घरी निघताना जिन्यात मी अक्काला गाठलं. "हे सगळं तुम्ही शिकवलंत तिला?"

"मी काय शिकविली?" अक्का कठड्याला धरून सावकाश उतरत होती. "तुझ्या लग्नाची व्हिडिओ बघत होतो. ‘अम्माकडून कोण गायले?’ म्हणून पुसली. कोणी नाही म्हणून सांगितले. ‘सरि, बरं, मग मला शिकव’ म्हटली. त्या दिवसापासून दर शनिवारी येते."

मुलगी पुढे रस्त्यावर जाऊन रिक्षा थांबवत होती. तमिळमध्ये भाड्याची घासाघीस चालली होती.

अक्काचे पाय धरावेत, असं मला वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही. माझी बाजू घेऊन भांडायलाही माझी मुलगी हिच्याकडेच शिकली, एवढंच मला दिसत होतं. आणि लग्नात माझ्या बाजूनं कोण गायलं, हे तिनं मला का विचारलं नाही, याची आग रिक्षात तिच्या शेजारी बसल्यावरही शमली नाही.