नववा महिना भरल्याशिवाय भत्ता नाही

जूनचा पहिला सोमवार. रक्कम पाचशे रुपये. हजर: प्रकल्पाच्या प्रमुख डॉक्टरबाई, संगणक कंपनीतून आलेला तरुण व्यवस्थापक, मार्केट यार्डात कांदा निवडणारी एक बाई आणि हिशेबनीस म्हणून मी. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन मी पुण्यात खराडीच्या एका काचेच्या इमारतीत लागलो होतो. गरीब वस्त्यांतल्या बायका दिवस भरण्याआधी बाळंत का होतात, हे आमचा प्रकल्प शोधत होता. पैसा परदेशातून येई. एसी इतका, की व्हाउचर लिहिताना मी स्वेटर घालत असे.

प्रकल्पात नाव नोंदवलेली ही बाई सातव्या महिन्यात बाळंत झाली होती. बाळ सरकारी दवाखान्यात, काचेच्या पेटीत. हिला यार्डामागच्या वस्तीत घरी पाठवलं होतं. ओली बाळंतीण रोज दूध पोचवायला मार्केट यार्डातून चालत जात होती. रिक्षासाठी तिला आमचा प्रवासभत्ता हवा होता.

"भत्ता नवव्या महिन्याच्या व्हिजिटनंतर," व्यवस्थापक म्हणाला. "सिस्टीममध्ये यांची ती व्हिजिट पेंडिंग दिसतेय."

"अवो दादा, पोर भाईर आलंय," बाई म्हणाली. "नववा म्हैना आता कुठनं आणू?"

मी म्हटलं, "म्हणजे ज्यांचा अभ्यास करायचा, नेमक्या त्याच बायका भत्त्यातून बाद. वेळेवर बाळंत होईल तिला बक्षीस."

"काका, बक्षीस नाही. इन्सेंटिव्ह."

डॉक्टरबाई म्हणाल्या, "मुद्दा रास्त आहे. समितीपुढे ठेवू." मग, बाई आलीच आहे तर प्रश्नावलीही उरकून घ्या, असं त्यांनी सांगितलं.

"गरोदरपणात जड ओझं उचललंत?" व्यवस्थापकाने विचारलं.

"अर्धं पोतं जड धरायचं का हलकं?"

"हो किंवा नाही, एवढंच सांगा."

"मग न्हाई. आख्खं पोतं बाप्ये उचलत्यात."

त्याने 'नाही' नोंदवलं. बाई रिकाम्या हाताने गेली.

रात्री जेवताना मी हे घरी सांगितलं. "एवढी काच लावलीत इमारतीला," बायको म्हणाली, "त्यात चार पेट्या झाल्या असत्या."

मंगळवारी मी खर्चाची खाती चाळली. 'पाहुण्यांची ने-आण' या खात्याला कसलीच अट नव्हती. विमानतळावरच्या टॅक्सीसाठी प्रमुखांची एक सही पुरत असे. व्हाउचर लिहून मी डॉक्टरबाईंपुढे ठेवलं.

"पाहुणे कोण?"

"सातव्या महिन्यातच आलेत. दवाखान्यात उतरलेत. दूध रोज यार्डातून मागवतात."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि सही केली.

समिती पुढे यथावकाश एका हॉटेलात बसली. जेवणाचे साडेनऊ हजार हॉटेलला दिले. नियमाचा विषय वेळेअभावी पुढच्या बैठकीवर गेला. बाईला मात्र त्या मंगळवारीच, पाहुण्यांच्या खात्यातून, पाचशे रुपये रोख दिले.