कोपऱ्यातलं बटण

माझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका मी स्वतःच्या हातानं करणार होते. बाकी कशाचीच हौस मला नव्हती. साड्यांचं मी जावेवर सोपवलं, मानपानाचं नवऱ्यावर, आणि कार्यालय कुठलं घ्यायचं यावर तर कुणी मला विचारलंसुद्धा नाही. पण पत्रिका माझी. संगमनेरात बसस्टँडमागच्या गल्लीत, घराच्याच पुढच्या खोलीत संगणक मांडून मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरींच्या पत्रिका टाईप करून दिल्या. कुणाचं कुलदैवत कोणतं, कोणत्या मामाचं नाव वर गेलं नाही तर तो लग्नाला येणार नाही, खाली 'किलबिल' म्हणून छापायच्या पोरांत कुणाचं धाकटं राहून गेलं, हे सगळं मला तोंडपाठ. मग स्वतःच्या पोरीची वेळ आली की दुसऱ्याच्या दारात जायचं? छे!

पण डोळ्यांनी आधीच दगा दिला होता. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग खराब होत चाललाय, असं नाशिकच्या डॉक्टरांनी सांगितलं. वयानं होतं म्हणे, मला जरा लवकर झालं. डोळ्यात सुया टोचून घेतल्या, पथ्यं केली. डॉक्टर बिचारे चांगले होते, म्हणाले, "अगदी आंधळ्या नाही होणार तुम्ही. मधलं जाईल, कडेचं राहील." ऐकायला बरं वाटतं, पण जगून बघा म्हणावं. समोरच्या माणसाकडे सरळ बघितलं की त्याचं तोंड गायब आणि दोन कान शिल्लक. भाकरीकडे बघितलं तर मधोमध धुकं आणि भोवती नुसत्या कडा. बघायचं असेल तर नजर बाजूला वळवायची, चोरासारखं तिरकं बघायचं. गल्लीतल्या बायकांना वाटायचं, हिला शिष्टपणा आलाय, बोलताना तोंडाकडे बघत नाही.

नवऱ्याला ठाऊक होतं, लेकीला थोडंफार. गिऱ्हाइकांना मात्र मी पत्ता लागू दिला नाही, कारण संगणकापुढे बसले की मी पहिल्यासारखीच होते. टायपिंग शिकले तेच मुळी कळफलकाकडे न बघता. बोटांना डोळे लागत नाहीत. आणि पडद्यावरचं सगळं कोपऱ्यांत होतं. माउस खाली डावीकडे ढकलला की कोपऱ्यात जाऊन आपोआप अडायचा. तिथं सुरुवातीचं बटण. ते दाबलं की नावांची उभी यादी. उघडलेल्या प्रत्येक फायलीची खाली एक पट्टी, पट्टीवर नाव, पहिली फाईल पहिल्या जागी आणि दुसरी तिच्या शेजारी. स्वयंपाकघरात अंधारातही मीठ कुठं आणि हळद कुठं हे बाईला कळतं ना, तसं मला तिथलं कळायचं. मधलं दिसत नसलं तरी माझं काही अडत नव्हतं. जुळवलेला मजकूर कागदावर काढायचा आणि संध्याकाळी नवऱ्यानं तो मला मोठ्यानं वाचून दाखवायचा. दूध संघाच्या टँकरवर ड्रायव्हर होता तो, आता घरीच. वाचताना घशात कफ अडकायचा, पण माझा कान तयार होता. वेलांटी चुकली तर आवाजावरून कळत नाही, ते खरंय, पण नाव गळलं, नातं चुकलं तर लगेच धरायची मी.

आणि मग तो मेला चौकोन यायला लागला. रोज सकाळी संगणक लावला की पडद्याच्या मधोमध. नवीन आलंय, घ्या. आत्ता की नंतर? मी तिरकी मान करून 'नंतर' शोधायचे आणि दाबायचे. महिनोन्‌महिने दाबलं. एक दिवस त्यांनी बटणं इकडची तिकडं केली की माझ्याच नजरेनं दगा दिला, देव जाणे. पडदा निळा झाला, गोल गोल फिरत बसला. मी चहा टाकून आले तर माझा संगणक माझा राहिला नव्हता.

माउस कोपऱ्यात ढकलला. तिथं काही नाही. पुन्हा ढकलला. काही नाही! अहो, घरात शिरल्यावर चप्पल काढायची जागाच कुणी उचलून नेली तर कसं वाटेल? नवऱ्याला हाक मारली. तो वाकून बघत म्हणाला, "हाय की समदं. मदी आलंय."

"मध्ये कुठं?"

"अगं, बरोब्बर मदोमद. खालच्या अंगाला."

मधोमध. म्हणजे मला जिथं दिसत नाही नेमकं तिथं. माझ्या तोंडचं पाणी पळालं. फायलींच्या पट्ट्यांवरची नावं गेली होती, सगळ्या फायली मिळून एकच बारकं चित्र, त्यावर माउस धरला की मग आतले तुकडे वर येणार. उजवं बटण दाबलं की 'कापा, चिकटवा' असे शब्द यायचे, तिथंही चित्रं. कसलीशी कात्री, कसलेसे दोन कागद, सगळं फिकट करडं. शब्दांनी यांचं काय घोडं मारलं होतं?

दुरुस्तीवाल्याला बोलावलं. पोक्त माणूस, आमच्याकडे वर्षानुवर्षं येणारा. तो म्हणाला, "काकू, सगळेच शिव्या घालतायत. होते सवय."

"मला सवय नको, जुनं पाहिजे."

"थोडे दिवस असतात परत जायला. ते गेले की रस्ता बंद. तुम्ही मला लगेच बोलवायचं होतं."

मला कुठं ठाऊक! आधी वाटलं, माझंच काही चुकतंय, जमेल हळूहळू. आठवडे त्यातच गेले. मी त्याला विचारलं, हे असं करा म्हणून मागितलं तरी होतं कुणी? तो हसला, म्हणाला, दिसायला छान आहे की. छान! दिसणाऱ्याला छान. त्याला चहा दिला आणि दार लावून घेतलं, कारण रडू आवरेना.

लेक पुण्याला नोकरीला. ती फोनवर म्हणाली, "आई, बटण डावीकडे आणता येतं. सेटिंग आहे, मी सांगते तसं कर." तासभर सांगत होती बिचारी. "आता मध्ये एक शब्द दिसेल बघ..." मी म्हणायचे, "दिसला." कशाचं काय! शेवटी नवऱ्याला बसवलं. तो एका बोटानं माउस ढकलणारा माणूस, दोघांनी एकमेकांवर ओरडून ओरडून ते बटण एकदाचं कोपऱ्यात आणलं. मला इतकं हायसं वाटलं की मी देवापुढे साखर ठेवली. मग बटण दाबलं. नावांची यादी नव्हतीच. चित्रांचे चौकोन, ओळीत मांडलेले, आणि तेही सगळे पडद्याच्या आत. खालच्या पट्ट्यांची नावं काही परत आली नाहीत. असेल त्याचीही कुठंतरी सेटिंग, पण ती शोधायला दिसायला नको का? लेकीला सांगितलं, झालं, छान झालं. तिच्यामागे लग्नाची खरेदी होती.

गिऱ्हाइकं कमी झाली ते मला चालत होतं. डोळे दुखतात सांगून मी कामं परत पाठवायचे. फक्त एक पत्रिका व्हायला हवी होती. रोज दुपारी नवरा आडवा झाला की मी बसायचे. जिथं पूर्वी एक दुपार लागायची तिथं आठवडा गेला. कधी फाईल कुठं गेली कळायचं नाही, कधी नको तो कागद बंद व्हायचा. स्वतःलाच शिव्या घालायचे मी. कपाळावर हात मारून घ्यायचे. पण ओळ पुढे सरकत होती आणि एखाद्या दिवशी तर मी गुणगुणतसुद्धा होते, खोटं का बोलू.

आमच्या धंद्यात पत्रिका कुणी कोऱ्या पानावर करत नाही. जुनी चांगली उतरलेली पत्रिका उघडायची, तिची नक्कल करायची आणि त्या नकलेत नावं बदलायची. या खेपेला मी एका मुलीची जुनी पत्रिका नकलेला घेतली होती, नक्षीची बारीक वेल असलेली. त्या मुलीची आई माझ्याकडे मजकूर सांगायला आली होती ते मला आठवत होतं. मी नेहमीच्या तंद्रीत विचारलं होतं, "वडिलांच्या आधी काय, श्री का कै?" ती बाई स्टुलावर नुसती बसून राहिली, मग म्हणाली, "कै." मी टाईप केलं आणि पुढचं विचारलं. रोजचाच प्रश्न तो. विचारावाच लागतो.

पत्रिका झाली त्या संध्याकाळी मी कागद नवऱ्याच्या हातात दिला आणि ओट्याशी पदराला हात पुसत उभी राहिले. तो वाचायला लागला. कुलदैवत बरोबर. मुहूर्त बरोबर. नाशिक-पुणे रोडवरचं कार्यालय बरोबर. लेकीचं नाव वाचलं, तिच्या आधीचं चि. सौ. कां. अगदी खणखणीत वाचलं. आणि मग थांबला.

"काय झालं?"

"काय न्हाई."

"अहो, वाचा ना!"

"अगं, मला कधी पोचवलंस तू?"

मला कळेना. तो म्हणाला, "माज्या आदी कै लिवलंय." आणि हसायला लागला. "टँकर घाटात उलटला तवा न्हाई गेलो, आन पत्रिकंत गेलो बघ. आता जेवाय वाढनार का तेराव्यालाच?" हसता हसता त्याला खोकला आला. मी मात्र तिथंच खाली बसले. ज्या हातानं कुंकू लावते त्याच हातानं मी हे लिहिलं होतं.

"एक अक्षर हाय, खोडू की," तो म्हणाला. "येवढं काय त्यात!"

पण मी ते बदललं होतं. मला लख्ख आठवत होतं, 'श्री' मी टाईप केलं होतं. मग संगणक लावला, त्याला शेजारी बसवलं आणि तो सांगेल तसा माउस हलवत जुनी मूळ पत्रिका शोधायला लागले. ती सापडायला किती वेळ लागला विचारू नका. "तितं न्हाई... वर... आगं तुज्या उजवीकडं..." शेवटी उघडली. मी म्हटलं, वडिलांचं नाव वाचा. त्यानं वाचलं. आधी श्री होतं.

दोन्ही फायली उघड्या होत्या. पूर्वी त्यांची नावं खाली शेजारी शेजारी दिसायची. आता दोघी एकाच चित्राखाली, आणि मी चुकीच्या फायलीला हात घातला होता. बाकीची नावं योग्य जागी गेली, हे एकच दुसऱ्या घरी गेलं. त्या बाईचा गेलेला नवरा माझ्या संगणकात जिवंत झाला होता आणि माझा जिवंत नवरा शेजारी बसून खोकत होता.

"खोड आन काड दुसरी," तो म्हणाला.

मी म्हटलं, "नाही. आता नाही जमायचं मला." त्यानं पुन्हा चेष्टा करून बघितली. भीती त्या अक्षराची नव्हती. आणखी काय काय चुकतंय हे मला कधीच कळणार नाही, याची होती. मी संगणकावर जुना टॉवेल टाकला. अजून आहे तो तसाच.

दुसऱ्या दिवशी आम्ही बायपासकडच्या एका नव्या दुकानात गेलो. गल्लीतल्या ओळखीच्या दुकानात जाणं जिवावर आलं होतं. तिथं एक बाई काम करत होती, आवाजावरून पस्तिशीतली असावी. सराईत हात, कळा नुसत्या पावसासारख्या वाजत होत्या. मी मजकूर सांगत गेले, ती टाईप करत गेली. आणि तिनं मान वर न करता विचारलं, "वडिलांच्या आधी काय, श्री का कै?"

स्टुलावर बसलेली ती बाई मला आठवली.

"अजून तरी श्रीच," नवरा मागून म्हणाला. "हितं उभा हाय मी."

तिनं प्रूफ काढून माझ्या हातात दिलं. "नीट वाचून घ्या काकू आणि सही करा. नंतर चूक निघाली तर आम्ही जबाबदार नाही." हेच वाक्य माझ्या भिंतीवर अजून चिकटवलेलं आहे. नवऱ्यानं हात पुढे केला, पण मी कागद दिला नाही. पोरीच्या पत्रिकेचं प्रूफ आईनं वाचायचं नाही तर कुणी? त्या बाईपुढे मला माझं बिंग फुटू द्यायचं नव्हतं. मी कागद डोळ्यांसमोर सरळ धरला, वाचणारीनं धरावा तसा. कडेची नक्षी दिसत होती, चारी कोपरे दिसत होते. मध्ये धुकं. वाचायला लागेल तेवढा वेळ मी तशीच थांबले, मध्ये एकदा मानसुद्धा हलवली.

"बरोबर आहे," म्हटलं, आणि कागद टेबलावर ठेवून, नजर सरळच ठेवत, तळ समजून अंदाजानं सही ठोकली.

"अहो काकू," ती बाई म्हणाली, "नावावर केलीत की सही."

"कुणाच्या?"

"नवरीच्या."

नवऱ्यानं माझ्या हातातून पेन काढून घेतलं. "दुसरा कागद काढा बाई," तो म्हणाला, "मी वाचतो."