आतल्या कप्प्यातले फोन

मांडव्याहून मुंबईला सुटलेल्या बोटीत एक तरुणी माझ्या शेजारी बसली होती. केसांत पेन्सिल खोचलेली, मांडीवर लॅपटॉप.

"काय करतेस एवढं?" मी विचारलं.

"काका, दवाखान्याची माहिती संशोधनाला द्यायचीय, पण कुणाची ओळख पटता कामा नये. पेशंटची नावं, फोन नंबर कोड लिहून काढून टाकले. पण प्रत्येक नोंदीच्या आत नातेवाइकांचा वेगळा कप्पा आहे, तिथले फोन नंबर राहिलेत."

"एखादा राहिला तर कुणाला कळणार?"

ती हसली. "ज्याला नको तो फोन येईल, त्याला कळेल ना."

मग कोड प्रत्येक कप्प्याच्या आतही शोधेल असा तिने बदलला. गेटवेला सगळे उतरले, तरी ती तपासत होती. अखेर माझी पिशवी उचलून देत म्हणाली, "चला काका, आता कुणी सापडणार नाही."

त्या अनोळखी माणसांसाठी मलाच हायसं वाटलं.