जामिनाला हवी होती एक खोली

दर मंगळवारी मी इथे इंग्लंडात आमच्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, रेकॉर्ड ऑफिसात जाते आणि जुन्या कोर्टाच्या कागदांची सूची करते, बिनपगारी. कर्जापायी माणसाला अटक व्हायची, त्या काळातले कागद. घरदार असलेल्या दोघांनी ‘हा हजर राहील, आम्ही जबाबदार’ असं लिहून दिलं की खटल्यापर्यंत तो मोकळा. कोणीच आलं नाही तर तुरुंग. एका शिंप्याचा अर्ज वाचून माझं टाळकंच सरकलं. अख्ख्या गल्लीचे कपडे त्यानं शिवलेले, आणि सहीला एक शेजारी फिरकला नाही! मिल्टन कीन्सच्या आमच्या मराठी मंडळात मी त्यावर तावातावानं भाषण ठोकलं. टाळ्याही मिळाल्या.

त्या दिवशी प्रोजेक्टर लावून दिला होता पुण्याच्या एका इंजिनिअरनं. तिशीचा, वर्क व्हिसावर आलेला, एकटा. मंडळाचं कुठलंही काम असो, हा हजर. मला काकू म्हणायचा. मीही उठसूट त्याला सांगायचे, हे घर तुझंच समज.

पुढे फेब्रुवारीत त्याचं भाड्याच्या घरातल्या दुसऱ्या भाडेकरूशी भांडण झालं. तो दुसरा जिन्यावरून पडला, हात मोडला. यानं ढकललं की त्याचाच तोल गेला, हे ठरायचं होतं. पोलिसांनी याला धरून नेलं.

जामीन म्हणजे पैसे, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं. मंडळाच्या ग्रुपवर एका संध्याकाळात वर्गणी जमली आणि आम्ही स्वतःवर भलतेच खूश झालो. मग त्याच्या वकीलबाईंचा मला फोन आला. त्यानं माझंच नाव दिलं होतं. कोर्टाला पैसे नको होते. जुन्या घरी तो तक्रार करणारा राहत होता, तिथे याला जाता येणार नव्हतं, म्हणून खटल्यापर्यंत राहायला दुसरा पत्ता हवा होता. पोलीस एकदा येऊन बघून जातील, एवढंच.

“पोलिसांची गाडी आपल्या ड्राइव्हवेवर?” नवरा म्हणाला. “अगं, मी इथल्या हॉस्पिटलात कन्सल्टंट आहे. आणि तो गिल्टी निघाला तर?”

मुलगी सप्टेंबरात युनिव्हर्सिटीला गेल्यापासून वरची खोली रिकामी होती. मी भांडायला हवं होतं. भांडले नाही. खरं सांगायचं तर नवऱ्यानं नाही म्हटल्यावर मला हायसंच वाटलं, आणि त्याची मला आजही लाज वाटते. वकीलबाईंना मी सांगितलं, इंडियातून पाहुणे येताहेत. मग ग्रुपवर विचारलं. त्या महिन्यात अख्ख्या मंडळाकडे पाहुणे येणार होते.

तो अकरा आठवडे आत राहिला. मग तक्रार करणाऱ्यानं जबाब बदलला आणि केस मागे घेतली गेली. तोवर नोकरी गेली होती, आणि तिच्यामागून व्हिसाही.

भारतात परत जायच्या आदल्या दिवशी तो विमानतळाजवळ, हाउन्सलोच्या एका स्वस्त हॉटेलात उतरला होता. मी बेसनाचे लाडू घेऊन गेले. तो खूप वाळला होता. डबा त्याच्या हातात देत मी म्हटलं, “तिकीट पुढे ढकल ना. महिनाभर आमच्याकडे राहा. वरची खोली रिकामीच आहे.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. “कधीपासून, काकू?”

“सप्टेंबरपासून,” मी म्हणाले. या वेळी खोटं बोलले नाही, आणि त्याला त्याचा काडीचाही उपयोग नव्हता.